आतली कडी

गर्भपिशवीचं तोंड मागच्या खेपेपेक्षा आखूड झालंय, असं श्रीवर्धनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि मिनीडोर रिक्षा म्हसळ्याच्या चढणीला लागेपर्यंत कृष्णाबाईनं ते सुनेकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. दर खेपेला वाक्य तेच निघालं.

"आठ दिवसांनी परत मशीनवर बघणार," प्राप्ती म्हणाली. "अजून कमी झालं तर तोंडाला टाका घालायला लागेल. त्याला मग अलिबागला जायचं."

"आणि टाका न्हाय घातला तर?"

"तर दिवस भरायच्या आधीच कळा येऊ शकतात, आई."

कृष्णाबाईनं बोटांवर महिने मोजले. सहावा नुकता लागलेला. आता कळा आल्या तर काय होतं, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. कुलदीपच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, सातव्याच्या तोंडावर. सकाळी झाली आणि दिवेलागणीपर्यंत होती. त्यानंतर कुलदीप झाला, रुचिता झाली, दोघांची लग्नं झाली, पण त्या मुलीचं नाव कृष्णाबाईनं कधी काढलं नाही. काढणार तरी कसं, नाव ठेवायलाच सवड मिळाली नव्हती.

एरवी दूध उतू गेलं तरी चूक कुणाची हे ठरवल्याशिवाय कृष्णाबाई भांडं उतरवत नसे. आज मात्र दोष कुणाला द्यावा हेच तिला कळेना. खड्ड्यांना देऊन झाला. शेजारणीच्या नजरेला देऊन झाला. पण तेवढ्यानं समाधान होईना, कारण मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हे तोंडाचं सांगितलं त्या दिवसापासून तिनं कशात काही कमी ठेवलं नव्हतं. सुनेची खाट तिनं मागच्या खोलीतून उचलून थेट माजघरात आणली होती, येता-जाता सगळ्यांची नजर राहावी म्हणून. प्राप्तीला कळशी काय, तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. गोळ्यांचं पाकीट आपल्या ताब्यात घेतलं होतं. रात्रीची जेवणं झाली की स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत जागची हलायची नाही. एवढं करूनही तोंड आखूड होतं म्हणजे काय?

"आजपासून दुपारी पण एक गोळी घ्यायला सांगितलीय ना?" तिनं विचारलं.

"हो." प्राप्ती बाहेर बघत होती. "दुपारी एक, रात्री एक."

"मी दीन. तू नको काळजी करू."

त्यावर प्राप्तीनं मान आणखीच बाहेर वळवली. दमली असेल, असं कृष्णाबाईला वाटलं.

घरी पोचल्या तेव्हा घर माणसांनी फुललं होतं. ओटीवर गणपती बसलेला, त्याच्यासमोर कृष्णाबाईचा नवरा गुणाजी, घरादाराचा आबा, टाळांच्या दोऱ्या नीट करत होता. रुचिता नालासोपाऱ्याहून पोरांना घेऊन आलेली, तिची पोरं माजघरात सुनेच्या खाटेवर उड्या मारत होती. प्राप्तीचा नवरा कुलदीप तळोज्याच्या कंपनीतून सकाळीच निघाला होता आणि हायवेला कुठेतरी अडकला होता. आणि माजघराच्या मधोमध पाच सुपं मांडून थोरली जाऊ सखुबाई बसली होती. या घरात सणावाराचा शेवटचा शब्द तिचा. आज गौर घरात यायची, उद्या ओवसा. प्राप्तीच्या माहेराहून आलेली ती सुपं सखुबाईनं हळदीकुंकवाची बोटं ओढून तयार ठेवली होती. त्यांच्यात फळं, भाजी, खणनारळ भरायचा आणि नव्या सुनेनं गौरीपुढे उभं राहून एकेक सूप ओवाळायचं. नवीन सुनेचा पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतो, आणि लग्नानंतरची दोन वर्षं ती तशी आली नव्हती.

"काय बोलली डॉक्टरीण?" सखुबाईनं मान वर न करता विचारलं.

कृष्णाबाईनं पोरांना खाटेवरून हुसकलं, प्राप्तीला आडवं केलं आणि मग सांगितलं. सखुबाईची बोटं कुंकवात थांबली.

"मंग उद्याच्याला?"

"उद्याच्याला काय? ती खाटंवरनं उठायची न्हाय."

"कृष्णे, यंदा गौर पूर्वावर हाय. आता चुकला तर परत कदी? तवर मी आसंन का न्हाय? आगं, गौरीच्या पुढ्यात उभ्या पोरीला काय वंगाळ हुईल?"

"आक्का, सूप जड आसतं."

"मी खालनं हात लावीन."

आता बोलायला रुचिता पुढे झाली. तिचा आवाज मुंबईचा, सरळ. "आई, डॉक्टर स्वतः बोलल्या का, झोपूनच राहायचं म्हणून? वहिनी, तू सांग ना."

प्राप्ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "ओझं उचलू नको म्हणाल्या. चालायला-फिरायला नको असं नाही म्हणाल्या. मागच्या वेळी पण नव्हत्या म्हणाल्या."

"बघ! मग पाच मिनिटं उभी राहिली तर काय बिघडलं? मोठ्या आईंचं एवढं मन आहे तर."

लेक थोरल्या जावेच्या बाजूला गेलेली बघून कृष्णाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ओटीकडे तोंड करून नवऱ्याला हाक घातली. "ऐकताव का? काय तरी बोला."

"तुमी बायका ठरवा," गुणाजी तिकडून म्हणाला आणि टाळ वाजवून बघितले. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठल्याही बाजूला न जाण्याचा त्याचा हातखंडा होता.

"ठरवायचं काय त्यात?" कृष्णाबाईचा आवाज चढला. "तुमाला ओवसा दिसतोय, मला प्वार दिसतंय. महिना झाला, मी हिला जीवापल्याड जपलीय. न्हाणीतसुद्दा येकली सोडली न्हाय. गोळीची येक येळ चुकू दिली न्हाय. माज्या हातानं पाणी दिलंय, गिळलेली बघितलीय, मंगच मी जेवलेय. आनि तुमी..."

बोलता बोलताच तिला दुपारची गोळी आठवली. तिनं कनवटीचं पाकीट काढलं, एक गोळी सोडवून प्राप्तीच्या तळहातावर ठेवली आणि पेला पुढे केला. तिच्या मनात होतं, बघा, असं असतं जपणं.

प्राप्ती उठून बसली. गोळीकडे बघत राहिली. पेला तिनं घेतलाच नाही.

"घे ना."

"ही गिळायची नसते, आई."

कृष्णाबाईला आधी काही कळलंच नाही. प्राप्तीनं मूठ मिटली आणि तोंडाला पदर लावून ती रडायला लागली. ते रडणं आजच्या भांडणाचं नव्हतं, एवढं कुणालाही कळलं असतं. रुचिता "अगं बाई" असं पुटपुटली आणि तिनं पोरांना दंडाला धरून अंगणात नेलं. ओटीवरचे टाळ थांबले.

घरात दोन बायकांना चार शब्द बोलायला जागा म्हणून नव्हती. चुलीपाशी मोदकांची गडबड, पडवीत पाहुण्यांच्या पिशव्या. दार लागणारी खोली एकच, सखुबाईची. कृष्णाबाईनं सुनेला तिथं नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बोल."

प्राप्तीनं डोळे पुसले. "ती खालून ठेवायची असते. आतमध्ये. म्हणजे ती तिथंच, पिशवीच्या तोंडाशी काम करते. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही बाहेर बसला होता तेव्हा. ठेवल्यावर अर्धा तास पडून राहायचं, म्हणजे बाहेर येत नाही."

"मंग तू गिळलीस कशाला?"

"पहिले दोन दिवस ठेवली, न्हाणीत जाऊन. पण तिथं पडणार कुठं? आणि तुम्ही दार वाजवलंत. एवढा वेळ काय करतेस, पाय घसरेल, दार उघडं ठेव, म्हणालात. मग पाकीट तुम्ही घेतलंत. रात्री पेला घेऊन समोर उभ्या राहायला लागलात."

"आगं, मग तोंड न्हाय व्हतं तुला?"

"कुणासमोर उघडू?" प्राप्तीचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "खाटेच्या एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला आबा जेवायला बसलेले. मोठ्या आई तिथंच वाती वळत असायच्या. त्यांच्यापुढं म्हणू, की ही गोळी तोंडाची नाही, खालची आहे? मागची खोली होती तोवर जमलं असतं. खाट माजघरात आली आणि मला कूस बदलली तरी चार माणसं विचारायला लागली, काय झालं."

कृष्णाबाई खाली बसली. 

"आनि आज? आज तरी त्यांनी इचारलं आसंल."

"विचारलं. गोळी नीट ठेवतेस ना, म्हणाल्या. मी हो म्हटलं." प्राप्ती थांबली. "दार अर्धं उघडं होतं. तुम्ही बाहेरच होता. मला वाटलं, तुम्ही उपाशी राहून एवढं करताय, आणि मी सांगायचं की ते सगळं फुकट गेलं?"

कृष्णाबाईला राग आला. आधी सुनेचा आला, मग डॉक्टरीणबाईंचा, आणि मग दोन्ही ओसरले. ज्या चुकीचा धनी ती सकाळपासून शोधत होती, तो सापडला होता आणि तो तिच्याच लुगड्यात बसला होता. महिनाभर आपण रोज आपल्या हातानं ते औषध वाया घालवलं, हे तिला आता लख्ख कळलं.

"फोन लाव त्यांना," ती म्हणाली. "आनि मोठ्यानं बोलायचं बटन दाब. मला आयकायचंय."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. गिळलेल्या गोळ्यांनी अपाय काही नाही, त्या म्हणाल्या, पण हव्या त्या जागी औषध पोचलं नाही. आता लगेच एक ठेवायची, अर्धा तास पडायचं, रात्री परत तसंच. आठ नाही, चार दिवसांनी या. पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट कडक होऊन दुखायला लागलं तर चार दिवसही थांबू नका.

"बाय, पर आता उपेग हुईल ना?" कृष्णाबाईनं विचारलं.

"आजी, नक्की होईल असं मी सांगू शकत नाही. पण या औषधानं बऱ्याच जणींचे दिवस पुढे गेलेत. आणि तिला खाटेला बांधून ठेवू नका. नुसतं झोपून हे थांबत नाही. ओझं नको, धावपळ नको, बाकी घरात फिरू दे. औषध जागेवर गेलं पाहिजे, एवढं बघा."

फोन बंद झाला तेव्हा दारात सखुबाई उभी होती. दार कधी उघडलं कुणाला कळलं नव्हतं. तिनं किती ऐकलं होतं देव जाणे. तिची नजर प्राप्तीच्या मिटलेल्या मुठीवर होती.

"आक्का," कृष्णाबाई म्हणाली, "ही खोली आजपास्नं हिची. दार लागणारी हीच येक हाय. तिला आत्ता पडायचंय."

"आत्ता?" सखुबाईनं वळून बाहेर बघितलं. "बायका पाणवठ्यावर जमल्यात, कृष्णे. गौर यायची येळ झाली. गौर घरात फिरताना दार लावून ठेवायचं? या घरात आसं कदी झालेलं न्हाय. गेल्यावर निजू दे ना तिला, मी कुठं न्हाय म्हनते?"

"मंग किती येळ थांबायचं? महिना थांबलोय आपन."

 सखुबाईनं खुंटीवरचं लुगडं ओढून घेतलं, कोपऱ्यातली आपली पानसुपारीची चंची उचलली आणि "तुजं तू बघ" एवढं म्हणून निघून गेली. ती रागावली की नाही, हे तिच्या पाठीवरून कळायला मार्ग नव्हता. तिच्या पाठोपाठ घरातल्या बायका पाणवठ्याकडे गेल्या.

रुचिता जाता जाता थांबली. तिनं पेटीतली धुतलेली गोधडी काढून सखुबाईच्या पलंगावर घातली आणि प्राप्तीच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी वहिनी. मी पण त्यांच्यासारखीच बडबडले." मग आईकडे बघून म्हणाली, "गौर मी आणतेय. तू इथंच थांब." म्हणजे लेक परत आपल्या बाजूला आली होती. कृष्णाबाईला त्याचं आज फारसं सुख झालं नाही.

आतली कडी गंजलेली होती. सखुबाईला कडी लावायची कधी गरजच पडली नव्हती. प्राप्तीनं ओढली तर ती अर्ध्यावर अडकली.

"ऱ्हाऊ दे कडी," कृष्णाबाई म्हणाली. "नुसतं लोटून घे. मी भायेर बसलेय ना. आत तुला काय झालं तर?"

"कडी लावू दे, आई," प्राप्ती म्हणाली. आवाज मऊ होता, पण तिनं कडीवरचा हात काढला नाही.

तेवढ्यात गुणाजी आला. कुणाकडे न बघता त्यानं हातातल्या वाटीतलं खोबरेल कडीवर सोडलं, तीनचार वेळा ती मागेपुढे केली आणि मोकळी झाल्यावर वाटी घेऊन ओटीवर निघून गेला. संसारात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी बाजूला गेला होता. कृष्णाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली, मग उंबऱ्याबाहेर आली. आतून कडी सरकली.

ती दाराशी टेकून बसली. महिनाभरात पहिल्यांदा सून तिच्या नजरेआड होती. आत पलंग करकरला, मग काहीच ऐकू येईना. हाक मारावी असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं ओठ आवळले. पोट दुखत असेल का? ही बोलेल का? मघाशी बोलली तेवढं पुरे झालं, आता परत गप्प बसली तर? जीव नुसता टांगणीला लागला होता. पोटात दुखलं तर सून आधी हाक मारेल की आधी लाजेल, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं.

लांबून गौरीचं गाणं ऐकू आलं. मग अंगणात पावलं वाजली. रुचितानं सुपात तेरड्याची गौर आणली होती, आणि सखुबाई कुंकवाचं पाणी घेऊन पुढं पुढं वाकत होती. मूठ जमिनीवर टेकवायची, वर बोटांनी टिपके द्यायचे, की गौरीचं पाऊल उमटायचं. प्रत्येक खोलीच्या दारात सखुबाई थांबायची आणि विचारायची, "गौरबाय गौरबाय, हितं काय हाय?" घरातली बाई सांगायची. कोठीपाशी, "धान हाय." चुलीपाशी, "अन्न हाय." गोठ्याच्या दारात, "दूध हाय." मग पाऊल आत जायचं.

सखुबाईची खोली शेवटची. या घरातल्या सगळ्या बाळंतिणी तिथंच निजलेल्या, म्हणून तिचं उत्तर ठरलेलं होतं, "पाळणा हाय." एका वर्षी मात्र सखुबाईनं या दारात प्रश्न विचारला नव्हता. कृष्णाबाई तेव्हा आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुलगी जाऊन आठवडा झाला नव्हता. पावलं दारापर्यंत आली होती आणि न बोलता मागे वळली होती. दोघी जावा त्यावर आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

पावलं आता माजघर ओलांडून आली. सखुबाई समोर उभी राहिली. मागे गौर घेतलेली रुचिता, तिच्यामागे गावच्या बायका. सगळ्यांनी बंद दार बघितलं. एकदोघी कुजबुजल्या. कृष्णाबाई उठली नाही. उठली असती तर दारातून बाजूला व्हावं लागलं असतं.

"गौरबाय गौरबाय," सखुबाई म्हणाली आणि थांबली. तिनं दाराकडे बघितलं, मग जावेकडे. "हितं काय हाय?"

 "पाळणा हाय," कृष्णाबाई म्हणाली. "पर दार आत्ता उघडायचं न्हाय, आक्का. अर्धा तास झाला न्हाय आजून."

मागची कुणीतरी म्हणाली, "आवं, गौर दारात खोळंबून ठेवायची?"

सखुबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसली, जावेच्या शेजारी, दाराला पाठ लावून. कुंकवात मूठ बुडवून तिनं उंबऱ्याच्या अलीकडे दोन पावलं काढली, अगदी जवळजवळ. चालणाऱ्या बाईची नव्हेत, वाट बघत उभ्या असलेल्या बाईची.

"खोळंबंल," ती म्हणाली. "गौर पन बाईच हाय. सूप खाली ठेव, रुचे, आनि बसा गं सगळ्या."